६५ किलोच्या गटासाठी : बेळगावातल्या एका विद्यार्थी पैलवानाचं प्रकरण

रुग्णालयाच्या कागदावर वरची ओळ होती, 'मद्यसेवन, बेशुद्धावस्था'. त्यामुळे महाविद्यालयाची समुपदेशक म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं ते दारूचं म्हणून. महाविद्यालयाच्या शिस्त समितीला तेवढंच पुरेसं होतं : मुलगा प्यायला, पडला, आता त्याला समुपदेशन करा आणि पालकांची सही घ्या. पण त्याच कागदावर खाली दोन आकडे होते आणि त्यांच्याकडे समितीतल्या कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. रक्तातली साखर ४८, पोटॅशियम २.८. साखर ७० च्या खाली गेली की डॉक्टर सावध होतात, पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. वीस वर्षांचा, रोज शेकड्यांनी जोर-बैठका मारणारा मुलगा एका रात्रीच्या पिण्यानं इथवर सहसा येत नाही. कित्येक दिवस पोट रिकामं असलेल्या आणि अंगातलं पाणी, क्षार घालवून बसलेल्या माणसाचे हे आकडे होते.

(त्याची आणि आईवडिलांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीकडे त्याचं गाव. घरी भात, रताळी, थोडा ऊस; वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पाळीवर जातात. आजोबा पैलवान, चुलता पैलवान. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बेळगावात कॉमर्स. वडगावात तिघांत एक खोली, दोन वेळची मेस, पहाटे आणि संध्याकाळी तालीम. या भागात असं आयुष्य जगणारी पोरं काही थोडीथोडकी नाहीत. आनंदवाडीच्या आखाड्यात मोठं मैदान भरलं की गावोगावच्या तालमी ओस पडतात, आणि ज्याच्या अंगात जरा जास्त रग आहे तो पुढं कोल्हापूरची वाट धरतो.

दोन हंगाम, दोन शरीरं

या मुलाच्या आजाराचं मूळ मला कुस्तीच्या वेळापत्रकात सापडलं. संक्रांतीनंतर जत्रांची मैदानं सुरू होतात. ती मातीतली. तिथं जोड लावतात ती डोळ्यांनी आणि नावावर : हा अमुक तालमीचा, तो तमुक वस्तादाचा, दोघं तुल्यबळ दिसतात, लावा कुस्ती. तिथं अंगावर चार किलो जास्त असणं हा फायदाच. म्हणून खुराक : दूध, तूप, बदामाची थंडाई, ज्याला परवडेल त्याला मटण. हंगाम संपेपर्यंत हा मुलगा ७२ किलोंवर जायचा.

पावसाळा सरला की महाविद्यालयीन आणि विद्यापीठाच्या स्पर्धा. त्या मॅटवर. तिथं सगळा कारभार काट्याचा. ५७, ६१, ६५, ७०, ७४ असे गट, आणि काटा शंभर ग्रॅमलाही सोडत नाही. ७० च्या गटात महाविद्यालयात आधीच एक तगडा मुलगा होता, त्यामुळे क्रीडा विभागातल्या कुणीतरी सुचवलं, ६५ मोकळा आहे, उतर. ७२ वरून ६५ म्हणजे सात किलो, शरीराच्या जवळजवळ दहा टक्के. हे त्यानं दहा-बारा दिवसांत केलं. पहिल्या वर्षी पदक आलं, सत्कार झाला, गावात फ्लेक्स लागला. दुसऱ्या वर्षी अर्थातच तोच गट.

एकच शरीर वर्षातून एकदा फुगवायचं आणि एकदा पिळायचं. मातीतल्या परंपरेला पिळणं माहीत नव्हतं आणि मॅटवरच्या स्पर्धेला त्याच्या फुगण्याशी देणंघेणं नव्हतं. मधे हा मुलगा.

पिळायचं कसं, हे तालमीतल्या पोरांकडून शिकता येतं. आधी भात बंद, मग चपाती, मग मीठ, शेवटच्या दोन दिवसांत पाणी. अंगात दोन जर्किन आणि आत प्लास्टिकची पिशवी घालून पळायचं. या प्रकरणानंतर दुसऱ्या एका निवड चाचणीची वजनं बघायला मी मुद्दाम गेले होते. खोलीच्या कोपऱ्यात एक मुलगा च्युइंगम चघळत बसला होता आणि दर अर्ध्या मिनिटाला पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थुंकत होता. लिटरची बाटली, पाव भरली होती, वर पांढरा फेस. मी विचारलं तर शेजारच्यानंच सांगितलं, "दीडशे ग्रॅम जास्त भरूलाय, मॅडम. थुंकून जातंय की ओ ते." इतक्या सहज, की त्यात कुणाला काही वावगं वाटत असेल असं चेहऱ्यावरून दिसेना.

याच्या पुढची पायरी गोळीची. रुग्णालयात त्याच्या खिशात फ्युरोसेमाइडची अर्धी पट्टी निघाली. अंगावर सूज येणाऱ्या हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांना लघवी वाढवण्यासाठी देतात ती गोळी. तिनं पाण्याबरोबर पोटॅशियमही निघून जातं, आणि पोटॅशियम घसरलं की हातापायांत पेटके येतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय उत्तेजकविरोधी नियमांत या गटातली औषधं स्पर्धेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे बंद आहेत. हे त्याला ठाऊक नव्हतं. एका सीनियरनं दिली, त्यानं घेतली.

बाटलीचा हिशेब

दारू कुठून आली? शिस्त समितीला वाटत होतं वाईट संगतीतून. त्यानं सांगितलेलं निराळं होतं. वजनं झाली, कुस्त्या झाल्या, की पोरं 'मोकळी' होतात. आठवडाभर कोंडलेली भूक आणि तहान एकदम सुटते. पहिल्या वर्षी स्पर्धेनंतर प्यायला. मग जत्रेनंतर. मग शनिवारी. बेळगावातून मोटरसायकलवर निघालं तर एका दिवसात तीन राज्यांच्या हद्दी शिवून परत येता येतं. गोव्यात पिण्याचं कायदेशीर वय १८, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५. या पोरांना हे आकडे पाठ आहेत.

पण वजनाची भीती सुटेना. इथं त्यानं जो हिशेब मांडला तो मी त्याच्याच वहीत पाहिला. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्क्यांची. त्यात साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल. ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर नुसत्या अल्कोहोलच्या २८७, बाकीची साखर-स्टार्च वेगळी. दोन बाटल्या म्हणजे रात्रीचं जेवण झालं. मग शनिवारी जेवायचंच नाही, दुपारपासून. कॉमर्सचा मुलगा, जमा-खर्च चोख. उपाशी पोटी चढतेही लवकर, म्हणजे पैसेही वाचतात, हा त्याच्या दृष्टीनं दुसरा फायदा.

शरीराचा जमा-खर्च मात्र असा चालत नाही. उपाशी माणसाची साखर यकृत सांभाळतं. आधी साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, मोडून, तो संपला की नवी साखर बनवून. आठवडाभर भात-भाकरी बंद असलेल्याचा साठा आधीच संपलेला. नवी साखर बनवायचं काम अल्कोहोल अडवतं. त्यात अल्कोहोल लघवीवरचा लगाम सैल करतं, म्हणजे आधीच आटलेल्या अंगातून आणखी पाणी जातं. त्या रात्री नेमकं हेच झालं. सकाळी वजनं, दुपारी दुसऱ्या फेरीत हार, संध्याकाळी शहराबाहेरचा ढाबा. खोलीवर आल्यावर तो बरळत होता, घामानं भिजला होता, हातांची बोटं आत वळली होती. मित्रांनी म्हटलं, चढली आहे, झोपू दे. साखर उतरलेला आणि दारू चढलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो. पहाटे दोघांपैकी एकाला जाग आली, हाक मारली तर उत्तर येईना, म्हणून १०८ ला फोन झाला. त्याला जाग आली नसती तर, हा प्रश्न त्या मित्रानं मला दोनदा विचारला.

कुणाला काय दिसत होतं

पहिल्या भेटीत त्यानं दारूबद्दल सगळं सांगितलं, खाण्याबद्दल काहीही नाही. "खाऊलोय की मॅडम, भरपूर," एवढंच. उलटीचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, तोही माझ्यामुळे नाही. दातांच्या डॉक्टरांनी पुढच्या दातांच्या आतल्या बाजूचं कवच झिजलेलं पाहून विचारलं होतं, ते त्याला खटकलं होतं. आठवड्यातून दोन-तीनदा, सात-आठ महिन्यांपासून. बिअरनंतर भूक खवळायची, गाड्यावरची अंडाबुर्जी, पाव, वडे, मिळेल ते खायचा, आणि मग घशात बोटं.

मानसोपचारतज्ज्ञांनी निदान बुलिमियाचं केलं. अधाशासारखं खाणं आणि मग ते अंगाला लागू नये म्हणून उलटी, गोळ्या, उपास किंवा अतिव्यायाम, हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने. मुलीच काय त्या असल्या भानगडी करतात, असा आपल्याकडे समज आहे, आणि सहा फुटी पैलवानाच्या बाबतीत तर ते कुणाच्या डोक्यातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, पिण्याबद्दलच्या दहा प्रश्नांच्या 'ऑडिट' चाचणीत त्याला १४ गुण पडले. ८ पासून पुढं धोका मानतात. खाण्याच्या विकारासाठी 'स्कॉफ' नावाची पाच प्रश्नांची छोटी चाळणी आहे. तिच्यात एक प्रश्न असा : गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन घटलं का? तालमीत हा प्रश्न विचारला तर पोरं छाती काढून हो म्हणतील.

मी त्याच्या भोवतीच्या माणसांशी बोलले. मेसच्या काकूंना आठवत होतं, "चपातीचा वरचा पापुद्रा तेवढा सोलून खायचा, बघा. खालचा तसाच ताटात. मला वाटलं परीक्षेचं टेन्शन असंल." आईला रविवारचा मुलगा दिसायचा. आठवड्याचा उपाशी मुलगा घरी आला की चार माणसांचं जेवायचा आणि तिला बरं वाटायचं. मग गोठ्यामागं जाऊन ओकायचा. घरानं त्याचं निदान केव्हाच करून टाकलं होतं : पित्त. त्यावर कोकम सरबत, आल्याचा रस, सकाळी अनशापोटी दूध, सगळं झालं. आपल्या घरांत पित्ताखाली काय काय झाकलं जातं, याचा कुणीतरी एकदा नीट शोध घ्यायला हवा. खोलीतल्या मित्रांना बाटल्या दिसत होत्या. क्रीडा विभागाला ६४.९ दिसत होते.

सगळ्यांत जास्त मला खटकलं ते निराळंच. २६ जूनला, व्यसनविरोधी दिनाला, आमच्याकडे दरवर्षी व्याख्यान होतं. पडद्यावर सडलेल्या यकृताचं चित्र, उद्ध्वस्त संसाराची गोष्ट, शेवटी शपथ. हा मुलगा एनएसएसचा स्वयंसेवक. त्या वर्षीचं आभारप्रदर्शन त्यानंच केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. त्याला विचारलं, त्या भाषणातलं काही स्वतःला लागू वाटलं नाही? म्हणाला, "ते दारुड्यांसाठी होतं, मॅडम. मी कुठं रोज पितोय?" खरंच होतं. रिकाम्या पोटी पिण्याबद्दल, शनिवारच्या पिण्याबद्दल, जेवण वगळून पिण्याबद्दल त्या तासाभरात एक वाक्यही नव्हतं. आहाराचं व्याख्यान वेगळ्या दिवशी, ते मुलींसाठी, आणि त्यात रक्तक्षय. दोन्ही विषयांना शिवणारा विद्यार्थी दोन्ही कार्यक्रमांच्या मधून अलगद निसटला.

पॅरिसचे शंभर ग्रॅम

उपचाराचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो पुस्तकात असतो तसाच झाला. पोटॅशियम, साखर, सलाइन. नंतर फ्लुओक्सेटिन हे मानसोपचारातलं औषध, आठवड्याला समुपदेशन, आहारतज्ज्ञांनी ठरवलेली तीन जेवणं आणि दोन मधली खाणी. उलटी झालीच तर लगेच ब्रश न करता साध्या पाण्यानं चूळ भरायची, कारण आम्लानं मऊ झालेलं कवच घासलं की आणखी जातं. त्याचा मोबाइल-अॅपवरचा वजनाचा आलेख आम्ही दोघांनी मिळून पुसला.

अडलं ते इथं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. रात्रभर ती घाम काढत राहिली, केससुद्धा कापले, हे सगळ्या देशानं ऐकलं. मला वाटायचं, या घटनेनं तरी पोरांना काट्याचा हा खेळ किती क्रूर आहे ते कळलं असेल. त्याच्या डोक्यात उलट बसलं होतं. ऑलिंपिकची पैलवान एवढं करते, तर आपण गोळी घेतली तर काय बिघडलं? शंभर ग्रॅम राहिले म्हणजे आणखी पिळायला हवं होतं. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्याला १९९७ ची हकिगत सांगितली. अमेरिकेत त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिन्याभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवता उतरवता मेले. तिघंही रबरी सूट घालून गरम जागेत घाम काढत होते. त्यानंतर तिथल्या संघटनेनं नियमच बदलले : रबरी सूट, वाफेच्या खोल्या, लघवीच्या गोळ्या बंद, हंगामाच्या सुरुवातीला लघवीची घनता तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायचं, आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्याहून जास्त उतरायचं नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "दीड टक्का म्हणजे मला किती?" ७२ वर साधारण एक किलो. त्यानंच पुढं हिशेब केला. सात किलोंना सात आठवडे.

त्या प्रश्नानंतर मी माझं लक्ष मुलावरून काढून काट्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांवर नेलं. एकट्या मुलाला शहाणं करून तालमीत परत पाठवलं तर तालीम त्याला महिन्याभरात पूर्ववत करेल, हे उघड दिसत होतं.

वस्तादांकडे जाताना मी धास्तावले होते. सत्तरीचे, मातीतले, दसऱ्याला म्हैसूरच्या मैदानात लढून आलेले. त्यांना बुलिमिया काय सांगणार? त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, उपाशी पोरगं मातीत उतरवलं तर आमच्या वस्तादानं आम्हाला तुडवलं असतं. हे मॅटवाल्यांचं खूळ. मी बोललो की म्हणतात, वस्ताद, तुमचा काळ गेला." ज्याला मी जुनाट समजून बसले होते तोच या साखळीतला सगळ्यांत शहाणा माणूस होता, फक्त त्याला कुणी विचारत नव्हतं. त्यांची एक अडचण होती. पोरं पितात हे त्यांना माहीत होतं, पण प्यायलेल्या पोराला तालमीतून हाकलायचं, एवढीच रीत त्यांना ठाऊक. हाकललं की पोरगं लपवायला लागतं, आणि लपून पिणारं पोरगं उपाशीच पितं, हे त्यांना पटायला तीन-चार बैठका लागल्या. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही.

क्रीडा संचालकांशी बोलणं जास्त अवघड गेलं. त्यांच्यावर पदकांचा दबाव, ६५ चा गट मोकळा ठेवायचा नाही हा वरून निरोप. शेवटी ठरलं ते असं. जुलैत, पाणी पोटभर प्यायलेलं असताना सगळ्या पैलवानांची वजनं घ्यायची आणि तिथूनच गट ठरवायचा. आठवड्याला एक किलोचीच मुभा. वजन दार लावून एकानंच घ्यायचं, आकडा फळ्यावर लिहायचा नाही, मोठ्यानं सांगायचा नाही. जर्किनच्या आत प्लास्टिक दिसलं तर त्या दिवशी सराव बंद. स्पर्धेच्या संध्याकाळी महाविद्यालयाच्या खर्चानं सगळ्यांनी एकत्र जेवायचं, मग घरी. हे शेवटचं कलम मंजूर करून घेताना लेखा विभागानं सगळ्यांत जास्त त्रास दिला, पण माझ्या मते उपयोग त्याचाच अधिक झाला. ज्यांना त्यानंतर ढाब्यावर जायचं आहे ते जातात. पण भात-आमटी खाऊन, ताक पिऊन जातात.

आणि एक पानी कागद केला. रुग्णालयानं घरी दिलेलं पत्रक कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. आईला दोन्ही वाचता येत नव्हतं आणि मुलगा जे वाचून दाखवायचा ते सोयीचं तेवढंच. आमचा कागद एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण तालमीत दोन्ही घरांची पोरं आहेत. तो विद्यार्थ्यांसाठी नाहीच. मेस चालवणाऱ्या काकू, खोलीतले मित्र, आई, वस्ताद यांच्यासाठी आहे. ताट अर्धं परत येणं, जेवून लगेच मोरीत जाणं, सततचं 'पित्त', दोन आठवड्यांत गालफडं बसणं, यांतल्या दोन गोष्टी दिसल्या तर कुणाला सांगायचं. प्यायलेल्याला हलवून जाग येत नसेल, श्वास मंद असेल, अंग थंड पडलं असेल, तर कुशीवर झोपवा, उलटी करवू नका, लिंबू-कॉफी पाजू नका, एकटं सोडू नका, १०८ लावा. खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. मेसच्या काकूंनी तो कागद पिठाच्या डब्याच्या आतल्या झाकणाला चिकटवलाय. भिंतीवर लावला तर पोरं फाडतात म्हणे.

मुलगा आता तृतीय वर्षाला आहे. या हंगामात ७० मध्ये उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. गटात त्याच्याहून सरस मुलं आहेत, हे त्याला पचवायला जड जातंय. उलट्या बऱ्याच कमी झाल्यात, थांबलेल्या नाहीत. गणपतीत चुलत्याच्या घरी एकदा, परीक्षेआधी दोनदा. पिणं सुटलेलं नाही, पण उपाशी पिणं सुटलंय असं तो सांगतो आणि मित्र दुजोरा देतात. 'ऑडिट'चे गुण १४ वरून ७ वर आलेत. वडिलांना अजून वाटतं, बाईंनी उगाच पोराची कुस्ती मऊ केली.

वजनं आणि पहिली कुस्ती यांत तासा-दोन तासांहून जास्त अंतर ठेवू नये, म्हणजे आदल्या दिवशी पिळून नंतर भरून काढण्याचा मोहच उरणार नाही, असा अर्ज क्रीडा संचालकांनी विद्यापीठाकडे दिला आहे. उत्तर आलेलं नाही. जुलैची वजनं झाली. ६५ साठी नाव दिलेल्या चौघांपैकी दोघांना आम्ही ७० मध्ये लिहिलं; त्यातल्या एकानं दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, कारण तिथं ६५ मिळतो.